भोपळ्याचा लिलाव, पंख्यावरचं नाव आणि दहावा हिस्सा

तुमचे प्रश्न, बाईंची उत्तरं

(उत्तरं देणाऱ्या बाई बेळगावच्या. शाळेतून निवृत्त झाल्या आणि पुढे बरीच वर्षं आपल्या मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, खजिनदार होत्या. पत्र पाठवणाऱ्यांची नावं त्यांच्या इच्छेवरून दिलेली नाहीत.)

भातकापणी उरकली की या सदराचं टपाल बदलतं. उन्हाळ्यात लग्नं जमवण्याचे आणि पोरांच्या शाळांचे प्रश्न येतात. सुगीनंतर येतात ते देण्याघेण्याचे. यंदाची बहुतेक पत्रं अर्पण, दशांश (मिळकतीचा दहावा हिस्सा) आणि आभार यांवरच आहेत. लांब पत्रं मी कापली आहेत. रागावू नका, शिक्षिकेची सवय जात नाही.

बाई, जय ख्रिस्त. आमची मंडळी खेड्यातली. हंगामाच्या सणाला उपासनेनंतर लिलाव असतो. यंदा एका कंत्राटदारांनी एक भोपळा पाच हजाराला घेतला. टाळ्या झाल्या, फोटो निघाले. माझ्या सासूबाईंनी घरच्या कोंबडीची सहा अंडी नेली होती. ती अगदी शेवटी निघाली, तोवर लोक जेवायला उठलेले. लिलाव करणारे म्हणाले, "घ्या की कुणीतरी, संपवू या." तीस रुपयांना गेली. सासूबाई तिथं काही बोलल्या नाहीत, खरं घरी आल्यावर म्हणाल्या, पुढच्या वर्षी काय न्यायचं नको. त्यांना काय सांगू?
— एक सून, खानापूर तालुका

आधी बायबलात लूकचा दुसरा अध्याय काढा आणि सासूबाईंना वाचून दाखवा. मरीया आणि योसेफ बाळ येशूला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात जातात, तिथे अर्पण काय करायचं ठरलेलं होतं? होल्यांचा जोडा किंवा पारव्याची दोन पिल्लं. आता जुन्या करारातल्या लेवीय पुस्तकाचा बारावा अध्याय बघा. बाळंतिणीनं आणायचं ते एक वर्षाचं कोकरू. कोकरू परवडत नसेल तर पक्ष्यांवर भागवायची सवलत आहे. म्हणजे प्रभूच्या आईनं मंदिरात नेलं ते गरिबाघरचं अर्पण. त्या दिवशी कोकरं घेऊन आलेलेही असतीलच की! त्यांच्याबद्दल लूकनं एक ओळ लिहिलेली नाही.

आता लिलावाचं. मी लिलावाच्या विरुद्ध नाही, हे आधीच सांगते. मला तो आवडतो. रताळ्यांची पाटी, शेपूच्या जुड्या, नाचणीचं गाठोडं, उसाची मोळी, आणि पाय बांधून ठेवलेला कोंबडा, जो नेमका पाळकसाहेबांच्या प्रार्थनेत आरवतो. कुणी एक अंडं शंभराला घेतो, परत टेबलावर ठेवतो, ते पुन्हा विकलं जातं. पोरं खिदळतात, म्हातारे बोली चढवतात. त्या पैशातून छपराचे पत्रे बदलतात आणि पाळकसाहेबांच्या घरात नळ येतो. जमाखर्च मी लिहिलाय, त्यामुळे या पैशाची किंमत मला ठाऊक आहे.

गोंधळ होतो तो अर्पण आणि विक्री एकमेकांना चिकटल्यामुळे. सासूबाईंनी सकाळी अंडी वेदीपुढे ठेवली, तेव्हाच ती देवाला पोचली. नंतर टेबलावर जे चालतं तो बाजार आहे; चांगल्या कामासाठीचा असला तरी बाजारच. तीस रुपये हा अंड्यांचा भाव झाला, सासूबाईंच्या अर्पणाचा नव्हे. पण हे लोकांच्या डोळ्यांना दिसायला हवं, आणि ते दाखवायची जबाबदारी मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांची आहे.

बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात शेतकऱ्यानं पहिला उपज टोपलीत घालून न्यायचा विधी आहे. याजक टोपली घेऊन वेदीपुढे ठेवतो. मग शेतकरी काय म्हणतो? आपला मूळ पुरुष भटका अरामी होता, तो मिसरात गेला, तिथे आमचे हाल झाले, देवानं आम्हाला सोडवून या देशात आणलं, म्हणून हा उपज. टोपलीत किती आहे, त्याचा भाव काय, हे कुणी विचारत नाही. आणि विधी संपल्यावर देवाच्या सेवेला वाहिलेला लेवी आणि गावात राहणारा उपरा यांच्यासह सगळ्यांनी मिळून आनंद करायचा. लिलावाचं नाव नाही. आपण चर्चमध्ये पाळतो तशा हंगामाच्या सणाची सुरुवात इंग्लंडात कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेन्स्टो गावचे पाळक रॉबर्ट हॉकर यांनी १८४३ मध्ये केली असं मानतात. तेव्हा लिलावाची पद्धत काही देवानं मोशेला आज्ञा दिल्या त्या सीनाय डोंगरावरून आलेली नाही. पंचांना ती बदलता येते.

काय बदलावं? अंडी, जुड्या, मूठमूठ धान्य आधी काढावं. भोपळ्यासाठी लोक थांबणारच आहेत. नाहीतर अंडी आणि भोपळा एकाच वाट्यात घालावेत, म्हणजे ज्याला भोपळा हवा त्याला अंडीही घ्यावी लागतील. बोली लावणाऱ्याचं नाव माइकवरून पुकारू नये. टाळ्या बंद. कंत्राटदारांवर राग धरू नका, त्यांचे पाच हजार खरे आहेत आणि छपराला लागणार आहेत. ते टाळ्यांशिवायही देतात का, एवढं पुढच्या वर्षी कळेल.

मिझोरामच्या मंडळ्यांत १९१० पासून एक रीत आहे. घरात भात शिजवायला घेताना बाई मूठभर तांदूळ बाजूला काढते, आणि साठलेले तांदूळ मंडळीला जातात. कुणाच्या घरची मूठ मोठी हे कुणाला कळत नाही. तुमच्या महिला मंडळानं करून बघायला हरकत नाही.

आणि सरव्याचं, म्हणजे कापणीनंतर शेतात राहिलेल्याचं, विसरू नका. भुईमूग काढल्यावर सरवा वेचणाऱ्या बायका तुम्ही बघितल्या असतील. लेवीय एकोणिसाव्या अध्यायात आज्ञाच आहे, की शेताचे कोपरे पार कापू नका, पडलेलं उचलू नका, ते गरिबाचं आणि उपऱ्याचं. रूथ बवाजाच्या शेतात तेच वेचत होती. देण्याच्या सगळ्या रीतींत मला ही सगळ्यात सभ्य वाटते. वेचणारी आपल्या कष्टानं वेचते, देणारा हात पुढे करून समोर उभा नसतो, आणि "धन्यवाद" म्हणायची वेळ कुणावर येत नाही.

मी चर्चला दोन पंखे दिले आणि पात्यांवर वडिलांचं नाव घातलं. एक पंच म्हणतात, हे शास्त्रात बसत नाही. बसतं का?
— टिळकवाडी, बेळगाव

पंखा फिरायला लागला की नाव वाचता येत नाही, त्यामुळे हे भांडण फक्त थंडीतलं आहे.

उजवा हात काय करतो ते डाव्याला कळू नये, हे मत्तयाच्या सहाव्या अध्यायातलं वचन पंचांनी तुम्हाला ऐकवलं असणारच. वडिलांची आठवण म्हणून घातलं असेल तर पुसा असं मी म्हणणार नाही. मात्र एवढं ध्यानात असू द्या. आपल्या बेळगावात लंडन मिशनरी सोसायटीचं काम जोसेफ टेलर यांनी १८२० मध्ये सुरू केलं. त्या सोसायटीला इंग्लंडातली साधी माणसं, लहान मुलंसुद्धा, एकेक पेनी देत. इथल्या कुठल्याही भिंतीवर त्यांच्यापैकी कुणाचं नाव नाही, आणि आपण त्यांच्या पेन्यांवर शिकलो. तिसरा पंखा द्याल तेव्हा कोराच द्या.

मी बिड्या वळते. मोबाइलवर एका प्रचारकांचे संदेश ऐकते. ते म्हणतात, विश्वासाचं बीज पेरा, शंभरपट मिळेल. खाली पैसे पाठवायचा क्यूआर कोड येतो. मुलीला नोकरी लागावी म्हणून मी दोनदा पाचशे रुपये पाठवले. नोकरी लागली नाही. मुलगा म्हणतो ही फसवणूक आहे. माझा विश्वास कमी पडला का?
— निपाणी

नाही. मुलीच्या नोकरीचा आणि तुमच्या हजार रुपयांचा काही संबंध नाही. नोकरी लागली असती तरी नसता.

ते पेरण्याकापण्याचं वचन कुठलं आहे ते सांगते, म्हणजे पुढच्या वेळी कुणी ऐकवलं तर तुम्हाला उलट विचारता येईल. प्रेषित पौलाचं करिंथकरांस दुसरं पत्र, अध्याय आठ आणि नऊ. दोन्ही अध्याय एका वर्गणीबद्दल आहेत. ही वर्गणी यरुशलेमच्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी होती, आणि पौल ती ग्रीसकडच्या मंडळ्यांतून जमवत होता. त्यातला एक पैसा त्याच्या खिशात जाणार नव्हता. करिंथात असताना तो अक्विल्ला आणि प्रिस्किल्ला यांच्याबरोबर तंबू शिवून पोट भरत होता. म्हणजे "पेरा" म्हणणाऱ्या माणसाच्या हाताला तुमच्यासारखेच घट्टे होते. आणि नवव्या अध्यायातच तो लिहितो, की ज्यानं त्यानं आपल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावं, दुःखी मनानं किंवा भाग पडतं म्हणून देऊ नये. तुम्ही दिलेत ते मुलीच्या काळजीपोटी. ती काळजी कुणीतरी हेरली.

आठव्या अध्यायात विसाव्या ओळीच्या आसपास माझी सगळ्यात आवडती जागा आहे. तिच्यावर प्रवचन मात्र मी कधी ऐकलेलं नाही. पौल म्हणतो, एवढी मोठी रक्कम आमच्या हातून जाते आहे, तिच्यावरून कुणी आमच्याकडे बोट दाखवू नये म्हणून आम्ही जपतो. देवापुढे बरोबर असणं पुरत नाही, माणसांपुढेही बरोबर दिसायला हवं. म्हणून तो आपल्या सोबत्याला, तीताला, एकट्याला पाठवत नाही. बरोबर आणखी दोन भाऊ देतो, त्यांतला एक तर मंडळ्यांनी निवडलेला. प्रेषित पौल! तरी मोजायला तिघं.

आम्ही अर्पणाची थैली मोजायचो ती नेहमी दोघांनी, दार उघडं ठेवून. चिल्लर वेगळी, नोटा वेगळ्या, वहीत शाईनं आकडा आणि खाली दोन सह्या. पुढच्या रविवारी आकडा फळ्यावर. कुणी म्हणे, देवाच्या घरात हा अविश्वास कशाला? मी म्हणे, देणाऱ्यानं आपल्या देण्याचा हिशेब मनात ठेवायचा नाही असं प्रभू सांगतो, तेव्हा त्याच्यासाठी तो दुसऱ्या कुणीतरी ठेवायलाच हवा. तुमच्या त्या प्रचारकांना कळवा: पैसे कोण मोजतं, त्या माणसाला कुणी निवडलं, आकडा कुठल्या फळ्यावर लागतो? उत्तर आलं तर मला पाठवा, मी इथं छापायला लावते.

विधवेच्या दोन टोल्यांची (अगदी लहान नाण्यांची) गोष्टही अशा लोकांच्या तोंडी फार असते. मार्कच्या बाराव्या अध्यायात ती जिथे आहे, तिच्या लगेच वरची ओळ वाचा. विधवांची घरं गिळणाऱ्या आणि दिखाव्यासाठी लांबलचक प्रार्थना करणाऱ्या शास्त्र्यांना येशू झोडपतो आहे. मग तो भांडारासमोर बसतो आणि एक विधवा तिच्याजवळ होतं तेवढं सगळं टाकताना बघतो. त्यानं तिचा मोठेपणा सांगितला. बाकीच्या विधवांकडूनही असंच गोळा करा असं शिष्यांना सांगितल्याचं मला तरी कुठं सापडलं नाही.

आपल्या मराठीतले ख्रिस्ती कवी ना. वा. टिळक आठवा. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' हा भक्तांचा मेळा उभा केला. प्रचारक असाही असतो.

द्यायचं थांबवा असं मी म्हणत नाही. पाचशे रुपयांना किती हजार बिड्या वळाव्या लागतात ते तुमच्या बोटांना माहीत आहे. ते पैसे तुम्हाला चेहऱ्यानं ओळखणाऱ्या माणसापर्यंत जाऊ द्या. तुमच्या गल्लीत अशी कुणी ना कुणी असेल, जिची पानं भिजली, जिची मजुरी अडकली. आणि मुलाचं ऐका, पोरगं शहाणं आहे.

बाई, मी तुमचा विद्यार्थी. उद्यमबागेत फाउंड्रीत आहे. दशांश हातात पडणाऱ्या पगारावर द्यायचा की पीएफ कापायच्या आधीच्या? वडिलांचं डायलिसिस चालू आहे. आमच्या गटातले वडीलधारे म्हणतात, आधी देवाचा दहावा हिस्सा, मग घर. मी दोन महिने दिला नाही, झोप लागत नाही.
— एक तरुण, बेळगाव

झोप. आधी झोप, मग पुढचं वाच.

तुझा प्रश्न येशूच्या काळातल्या परूश्यांना, धर्माचे नियम काटेकोर पाळणाऱ्यांना, फार आवडला असता. ते पुदिना, शेप आणि जिरं यांचाही दशांश काढत. शेपूची जुडी सोडून दहावी काडी बाजूला ठेवायची! येशूनं काडी ठेवू नका असं म्हटलं नाही. न्याय, दया आणि विश्वास यांचं काय केलंत, असं विचारलं.

गटात तुला मलाखीचा तिसरा अध्याय दाखवला असेल, की दशांश भांडारात आणा. तो आहेच. पण अनुवादाचा चौदावा अध्याय कुणी काढत नाही. तिथं लिहिलंय, की दशांश घेऊन देवाच्या ठिकाणी जा आणि घरच्यांसह तो आनंदानं खा. ठिकाण लांब असेल तर विकून पैसे कर आणि तिथे जाऊन मनाला येईल ते विकत घे. आणि दर तीन वर्षांनी तो गावातच ठेव, लेवी, उपरा, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावं म्हणून. दशांशात पंगतही आहे, हे आपण विसरलो. नव्या करारात तर मंडळ्यांवर टक्केवारी बसवलेली नाही. निपाणीच्या भगिनींना लिहिलेलं वाच: मनात ठरवल्याप्रमाणे.

वडिलांच्या बाबतीत मात्र शंकेला जागाच नाही. मार्कच्या सातव्या अध्यायात येशू अशा लोकांवर संतापला आहे, जे आईवडिलांना सांगतात, "तुम्हाला द्यायचं ते मी देवाला अर्पण म्हणून ठेवलंय." आईवडिलांचा मान राख ही आज्ञा तुम्ही असल्या पळवाटेनं मोडता, असं तो स्पष्ट म्हणतो. म्हणून डायलिसिस आधी. औषधं आधी. उरलं त्यातून एक रक्कम ठरव, लहान असली तरी चालेल, आणि ती महिन्याच्या महिन्याला दे. पीएफचे पैसे तुझ्या हातात पडतील तेव्हा त्यांचा विचार कर.

एक पुरवणी, पुढच्यासाठी. तुझा पगार वाढेल, वडील बरे राहोत, घर उभं राहील, तेव्हा हाच दहावा हिस्सा तुला फार सोयीचा वाटायला लागेल. त्या वेळी जक्कय या श्रीमंत जकातदाराची गोष्ट काढ. येशू नुसता घरी आला, तर त्यानं अर्धी मालमत्ता गरिबांना देऊन टाकली. दहावा हिस्सा त्याला कुणी सांगितलाच नव्हता.

२०१९ च्या पुरात कृष्णेचं पाणी आमच्या घरात आलं. जवळच्या गावातल्या एका मठानं आम्हाला ठेवून घेतलं, जेवू घातलं. एका कन्नड कुटुंबानं आमची म्हैस सांभाळली. आता नवं घर बांधलंय, उपकारस्तुतीची उपासना ठेवतोय. त्या लोकांना बोलवावं आणि सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानावेत असं मला वाटतं. आमचे एक वडीलधारे म्हणतात, गौरव देवाचाच व्हावा, माणसांची नावं घेऊ नयेत. काय करू?
— चिकोडी तालुका

बोलवा. नावं घ्या. आणि कन्नडमध्ये घ्या.

लूकच्या सतराव्या अध्यायातले दहा कुष्ठरोगी आपल्या लहानपणापासून ओळखीचे आहेत. नऊ गेले, एक परतला. पण ही गोष्ट घडली कुठे? शोमरोन आणि गालील यांच्या सीमेवर. लूक हे मुद्दाम लिहितो. दहा जणांत यहूदीही होते आणि शोमरोनीही. एरवी एकमेकांच्या ताटाला न शिवणारी माणसं, पण रोगानं सगळ्यांना गावाबाहेर एकत्र आणलं. सीमाभागात राहणाऱ्या आपल्याला यात नवल वाटायचं कारण नाही. पुराच्या पाण्यानं तुमच्याकडे हेच केलं. नावेत घेताना भाषा कुणी विचारली नसेल. बरं झाल्यावर मात्र जो तो आपापल्या बाजूला गेला, आणि पाया पडायला परत आला तो परका, शोमरोनी.

तुमच्या वडीलधाऱ्यांचं अर्धं बरोबर आहे. तो शोमरोनी मोठ्यानं गौरव करत आला तो देवाचाच. पण देवाचा गौरव करायचा तर माणसाचं नाव गाळावं लागतं, हे कुठून आलं? प्रेषितांच्या कृत्यांचा शेवटचा अध्याय वाचा. पौलाचं गलबत फुटलं, लोक पोहत, फळ्यांना धरून मिलिता बेटावर लागले. पाऊस आणि गारठा. तिथल्या लोकांची भाषा वेगळी, देव वेगळे, आणि त्यांनी या भिजलेल्यांसाठी शेकोटी पेटवली. लूकनं ते लिहून ठेवलं, विशेष उपकार केले असं म्हणून. बेटाच्या मुख्य माणसाचं, पुब्ल्याचं, नावसुद्धा लिहिलं. त्यानं तीन दिवस पाहुणचार केला. शेकोटी पेटवणाऱ्यांना बायबलात जागा मिळते, तर म्हैस सांभाळणाऱ्यांना तुमच्या मांडवात का मिळू नये?

बाकीच्या गोष्टी पटापट सांगते. मठातले लोक येणार तर त्या दिवशीचं सगळं जेवण शाकाहारी ठेवा. त्यांच्यासाठी वेगळी पंगत आणि आपल्यासाठी दुसरं काही, असं करू नका. बोलावणं छापील पत्रिकेनं नको, स्वतः जा, घरातल्या बाईमाणसाला बरोबर घ्या. पाळकसाहेबांना आधी सांगा, की प्रार्थना मराठीत असली तरी चार वाक्यं कन्नडमध्ये बोलायला तुम्हाला वेळ द्या. आणि त्या दिवशी धर्माची पत्रकं वाटू नका. बोलावलंय आभार मानायला, तेवढंच करा.

मुलगा अपघातात गेला. भेटायला येणारे म्हणतात, "सर्व स्थितीत उपकारस्तुती करा." माझ्या तोंडून शब्द निघत नाही.
— गोकाक

निघू नये. आपला मित्र लाजर याच्या थडग्यापाशी येशूनं बापाचे आभार मानले हे खरं आहे, योहान अकरा, एकेचाळिसावी ओळ. पस्तिसाव्या ओळीत तो रडला. क्रम तोच आहे, आणि मधे किती वेळ जावा हे कुठेही लिहिलेलं नाही. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र अंधारात सुरू होतं आणि अंधारातच संपतं, त्यात आभाराचा एक शब्द नाही. तरी ते स्तोत्रसंहितेत आहे आणि मोठ्यानं म्हणता येतं. मी तुमच्यासाठी ते म्हणते आहे. वचन ऐकवायला येणाऱ्यांना सांगा, येताना जेवणाचा डबा घेऊन या.

मी रेल्वेतून निवृत्त. पत्नी गेली, मुलं परगावी. मंडळीतला एक मुलगा दर शनिवारी भाजी आणि औषधं आणून देतो. पैसे घेत नाही. मी आयुष्यात कुणाचं फुकट खाल्लं नाही, हे ओझं वाटतं. तो मेथी आणतो, मला ती पचत नाही, पण कोणत्या तोंडानं सांगू? त्याच्या पिशवीत गुपचूप पाकीट टाकलं तर चालेल का?
— शहापूर, बेळगाव

काका, पाकीट नको.

द्यायला कसं शिकावं यावर आपल्याकडे दर हंगामाला प्रवचन होतं. घ्यायला कसं शिकावं यावर होत नाही. तुमच्या पिढीच्या, स्वतःच्या पगारावर ताठ उभ्या राहिलेल्या माणसांना तेच सगळ्यात जड जातं. पौलालाही जड गेलं. फिलिप्पैच्या मंडळीनं एपफ्रदीताच्या हाती त्याला कैदेत मदत पाठवली. पौलाचं फिलिप्पैकरांस पत्र, चौथा अध्याय, वाचून बघा. मला गरज होती म्हणून म्हणत नाही, मला उपाशी राहणंही येतं आणि भरपूर असणंही, मी देणगीच्या मागे नाही... माणूस नुसता आढेवेढे घेतोय! पण मधेच लिहितो, माझ्या संकटात तुम्ही वाटेकरी झालात हे फार चांगलं केलंत. आणि मदत त्यानं परत पाठवली नाही.

त्याहून पुढे जा. लूकच्या आठव्या अध्यायाच्या सुरुवातीला मग्दालीया मरीया, योहान्ना, सुसान्ना आणि आणखी बायका आहेत. येशू आणि बारा शिष्य गावोगाव फिरत होते त्यांचा खर्च या बायका आपल्या पैशातून चालवत. पाच हजारांना जेवू घालणारा प्रभू स्वतः दुसऱ्यांच्या घरचं जेवत होता. त्यानं योहान्नाच्या पिशवीत पाकीट टाकल्याचं लूक सांगत नाही. उलट येशू शिष्यांचे पाय धुवत होता आणि पेत्र धुऊन घ्यायला तयार नव्हता, तेव्हा त्याला बजावलं: धुऊ दिले नाहीस तर माझ्याबरोबर तुला वाटा नाही.

आपल्या पंडिता रमाबाईंचं बघा. अमेरिकेत त्यांच्या कामासाठी १८८७ मध्ये बोस्टनला संस्था निघाली, दहा वर्षं मदत करू असं वचन मिळालं. त्यांनी ते ताठ मानेनं घेतलं, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं, आणि पुढे दुष्काळात उपाशी मुलींना केडगावला आणून सांभाळलं. बोस्टनच्या बायकांना पैसे परत पाठवायच्या नादी त्या लागल्या असत्या, तर त्या मुलींचं काय झालं असतं?

तुमच्या पोराला तुम्ही काय देऊ शकता ते त्यालाच विचारा. कदाचित त्याला काहीच नको असेल. कदाचित रेल्वे भरतीच्या परीक्षेला बसायचं असेल आणि गणित येत नसेल. दारातून पिशवी घेऊन त्याला परत धाडू नका, आत बोलवा, बसवा. त्याच्या आईवडिलांचं नाव, गाव, तो कुठं काम करतो, हे तुम्हाला अजून माहीत नाही, हे पत्रावरून माझ्या ध्यानात आलं.

आणि मेथीचं सांगा की! ज्याचं आपण देणं लागतो त्याला असं सांगता येत नाही, म्हणून तुम्ही गप्प बसलात आणि मेथी पोटात ढकललीत. तुमचा मुलगा परगावाहून आला असता आणि मेथी घेऊन आला असता, तर तुम्ही त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं असतं. येत्या शनिवारी तसंच बोला. पालक आण म्हणावं, कोवळा बघून, आणि कांदेपात असली तर दोन जुड्या.